बारा वर्षे परजिल्ह्यात, मग आंतरजिल्हा बदली आणि आता स्वतःच्याच शाळेत

खडूवाला

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेली अनेक मंडळी इथे आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची नोकरी एका जिल्ह्यात, घर दुसऱ्या जिल्ह्यात आणि मन त्या दोहोंच्या मधल्या एखाद्या बसस्थानकावर असते, हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे. आंतरजिल्हा बदलीने गावाकडे आलेल्यांना नेमके काय मिळाले आणि काय गमवावे लागले, याची मोकळी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. आधी माझी हकीकत सांगतो. ती थोडी लांब आहे.

मी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याचा. २००४ साली डी.एड. पूर्ण केले, तेव्हा आमच्या भागात पदविका हातात असलेली मुले भरपूर होती आणि जागा मोजक्या होत्या. पहिले वर्ष एका विनाअनुदानित शाळेत गेले. तिथे पगार मिळेल त्या महिन्याला सण आणि न मिळेल त्या महिन्याला ‘पुढच्या महिन्यात एकदम घ्या’ असा प्रकार होता. दुसऱ्या वर्षी एका बेदाण्याच्या शेडवर हिशेबनीस म्हणून बसलो. बेदाण्याची प्रतवारी करणाऱ्या बायकांची हजेरी मांडता मांडता, आपण शेवटी हजेरी घेण्याचेच काम करत आहोत, असे स्वतःला समजावत असे.

२००६ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यात शिक्षणसेवक म्हणून निवड झाली. मानधन महिना ३,००० रुपये आणि मुदत तीन वर्षांची. नेमणूक मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत मिळाली. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे ठाणे जिल्हा म्हटल्यावर घरच्यांच्या आणि माझ्याही डोळ्यांपुढे लोकलगाडी आली होती. प्रत्यक्षात शेवटचे पाच किलोमीटर चालत जावे लागले. सोबतच्या ट्रंकेतील कपड्यांना पहिल्याच पावसाळ्यात बुरशी लागली. आमच्याकडे पावसाची वाट पाहण्यात आयुष्य जाते, आणि तिथे जून ते सप्टेंबर कपडे चुलीवर वाळवावे लागत. गंमत अशी, की इतका पाऊस झेलणाऱ्या त्या तालुक्यातही मार्चनंतर टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांची रांग लागते. ती रांग पाहिली आणि मला पहिल्यांदा घरी असल्यासारखे वाटले.

शाळेतील मुले वारली आणि कोकणा समाजाची. पहिल्या आठवड्यातील एक प्रसंग अजून जसाच्या तसा आठवतो. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता आणि त्यात ‘ए’ एडक्याचा. मी चित्रावर छडी ठेवून ‘हे काय आहे?’ असे विचारले. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘बोकड!’ मी म्हणालो, ‘नाही, एडका.’ पुन्हा उत्तर आले, ‘बोकड!’ त्या मुलांचे काहीही चुकले नव्हते. इतक्या पावसाच्या मुलखात मेंढरे कोण पाळणार? शिंगे असलेले आणि त्यांच्या ओळखीचे जनावर बोकडच होते. मी मात्र त्या दिवशी तक्त्याच्या बाजूने भांडलो, आणि परिणामी चार-पाच मुलांनी पाटीवर ‘ए’ काढून मोठ्या निष्ठेने ‘बोकड’ असे म्हणत तो गिरवला.

त्या रात्री एक दोनशेपानी वही काढली आणि तिच्यात उभी रेघ मारून दोन रकाने केले. डाव्या रकान्यात मुलांचा शब्द, उजव्या रकान्यात पुस्तकातील शब्द. सुरुवातीला मुले शब्द सांगायला लाजत. मग माझ्या जतकडच्या ‘लई’ आणि ‘न्हाई’ला ती हसू लागली, मीही हसू दिले, आणि त्यानंतर वही भराभर भरत गेली. दिवाळीनंतर अर्धा पट आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जाई. जी मुले हंगामी वसतिगृहासाठी मागे राहत, त्यांच्याकडून संध्याकाळी झाडांची, माशांची आणि भांड्यांची नावे लिहून घेण्याचा नाद लागला. कसल्या संशोधनाचा हेतू नव्हता. पाड्यावर संध्याकाळी दुसरे करण्यासारखे काही नव्हते, हे खरे कारण.

२००९ मध्ये नियमित वेतनश्रेणी मिळाली. त्यानंतर एकदा तालुक्यातच बदली झाली, पुढे विक्रमगड तालुक्यात गेलो. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजे माझा जिल्हा एकदाचा बदलला, पण मी होतो त्याच वर्गात उभा होतो. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज दरवर्षी करत असे. त्या काळी त्यासाठी दोन्हीकडची ना-हरकत लागे आणि बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणानुसार आखलेल्या पदांच्या यादीत, आपल्या प्रवर्गाची जागा रिक्त असावी लागे. एक गोष्ट जुळली की दुसरी निसटायची. २०१७ पासून प्रक्रिया ऑनलाइन झाली आणि २०१८ साली माझा क्रमांक लागला. कार्यमुक्तीचा आदेश हातात पडला, तेव्हा नोकरीला बारा वर्षे झाली होती, धाकटी मुलगी पहिलीत होती आणि ज्यांच्यासाठी परत यायचे होते त्या वडिलांना जाऊन दोन वर्षे उलटली होती.

सांगलीत हजर झालो तो ज्येष्ठता यादीत सर्वांत खाली. बारा वर्षांच्या सेवेचा या यादीपुरता अर्थ शून्य. पहिली नेमणूक माझ्या गावापासून चांगलीच दूर, जतच्या पूर्व भागात, गुड्डापूरच्या दानम्मादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या दिंड्या जिथून जातात त्या पट्ट्यात मिळाली. तिथे बहुतेक घरांतून कन्नड बोलतात. कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत, परंतु आमची मराठी माध्यमाची होती आणि तिच्यातही निम्म्याहून अधिक मुलांची घरची भाषा कन्नडच. पहिल्या दिवशी भिंतीवर पाहिले, तर तोच तक्ता! ‘ए’ एडक्याचा. म्हटले, इथे अडचण नाही. हा तर धनगरांचा मुलूख, शाळेच्या कुंपणाबाहेरच मेंढरे बसलेली असतात. छडी ठेवून विचारले. वर्ग एका सुरात म्हणाला, ‘टगरु!’

वही बाहेर काढली आणि तिच्यात तिसरा रकाना आखला.

२०२३ च्या जूनमध्ये जिल्हांतर्गत बदलीत माझ्याच गावची शाळा मिळाली. ज्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो, त्याच शाळेत आता तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. मुलांचे दाखले लिहिण्यासाठी जुने जनरल रजिस्टर काढले, तेव्हा स्वतःची नोंद सापडली. जन्मतारीख, वडिलांचा अंगठा आणि शेवटच्या रकान्यात गुरुजींच्या वळणदार अक्षरात ‘पुढील शिक्षणासाठी परगावी’. नोंद चुकीची नाही. फक्त त्या परगावाचा मुक्काम जरा लांबला.

आता प्रश्न. आपल्यापैकी जे परत आले, त्यांना हा शून्याचा हिशेब पटला का? आणि जे परत आले नाहीत, त्यांनी तसे का ठरवले?

निवृत्त_विस्तार_अधिकारी

सविस्तर लेखनाबद्दल आभार. शून्याविषयी माझ्या कार्यकाळात शेकडो शिक्षकांनी मला विचारले, म्हणून आधी त्यामागचे कारण नोंदवतो. ते पटावे असा आग्रह नाही.

आपल्याकडील जिल्हा परिषदा १९६१ च्या अधिनियमाने आणि १ मे १९६२ पासून अस्तित्वात आल्या. प्राथमिक शिक्षक हा राज्याच्या एका सामाईक संवर्गाचा कर्मचारी नसून त्या त्या जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो, आणि त्याची ज्येष्ठता यादीही जिल्ह्यापुरतीच असते. आपण स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या यादीत जाता, तेव्हा त्या यादीत आधीपासून असलेल्यांच्या डोक्यावर आपल्याला बसवले तर त्यांच्या पदोन्नतीवर गदा येते. म्हणून नवागताला तळाशी ठेवतात. वेतन मात्र संरक्षित राहते. १२ वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी यांसाठी आधीची सेवाही धरली जाते. फटका बसतो तो पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख या पदोन्नतींत, तसेच अतिरिक्त ठरल्यास समायोजनात. पट घसरला की यादीतील शेवटच्या माणसाला आधी उचलतात, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा बदलून आलेला शिक्षक पंचविशीतल्या मुलाच्याही खाली असतो.

नियम तर्काला धरून आहे. तरीही अशा शिक्षकाचा हजर अहवाल स्वीकारताना मला प्रत्येक वेळी संकोच वाटत असे, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

चौकातला

स्वतःच्या गावच्या शाळेत नोकरी म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच वाढपी होणे. शाळा व्यवस्थापन समितीत चुलता, पोषण आहाराच्या धान्यावर लक्ष ठेवून असलेला मेहुणा आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तुमच्या घरासमोरचे दोन्ही उमेदवार भावकीतले. मी दोन वर्षांत पसंतीक्रम बदलून शेजारच्या गावात गेलो. रोज १४ किलोमीटर जातो, पण सुखात आहे.

दुधनाकाठ

मी परभणी जिल्ह्याची, नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात, यंदा पंधरावे वर्ष. यजमान माध्यमिक शाळेत, तेही गावाकडेच. त्यांची संस्था खासगी असल्यामुळे ते माझ्याकडे बदलून येऊ शकत नाहीत. म्हणून सगळी भिस्त माझ्या बदलीवर. पती-पत्नी एकत्रीकरणाचा संवर्ग आहे खरा, पण मराठवाड्यातून कोकणात आलेल्यांची आणि परत जाऊ इच्छिणाऱ्यांची संख्या इतकी मोठी, की त्या दारातही रांगच असते.

आपसी बदलीचाही प्रयत्न केला. त्यासाठी परभणीत नोकरी करणारा आणि रत्नागिरीला येऊ पाहणारा शिक्षक शोधावा लागतो. असा माणूस सापडणे म्हणजे देव भेटण्यासारखे आहे. कोकणातून मराठवाड्यात गेलेले शिक्षक आहेतच किती? आपसी बदलीच्या व्हॉट्सॲप गटांवर रोज सकाळी शंभरेक संदेश येतात आणि त्यांतील बहुतेक माझ्याच दिशेला तोंड करून उभे असतात. मागे एकदा तिघांची साखळी जुळत आली होती; मधल्या सरांच्या प्रवर्गावरून ती तुटली. दुसऱ्या एका खेपेला कागद एका कार्यालयात इतके दिवस पडून राहिले, की अर्जाची मुदतच संपली. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. अजून त्याच दारात जायचे आहे.

मुलगा आजीजवळ वाढला. उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्रभराचा एसटीचा प्रवास करून पोहोचले, की पहिले दोन दिवस तो मला ‘अहो आई’ म्हणतो. तिसऱ्या दिवशी त्यातला ‘अहो’ गळतो.

सर, तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे आहे. शून्य पटो वा न पटो, तो घेऊन यायला मी तयार आहे. एक मात्र विचारायचे आहे. कार्यमुक्त होताना कोणते कागद हातात घेऊनच निघावे? माझ्या एका मैत्रिणीचे अंशदायी निवृत्तिवेतनाचे (म्हणजे पगारातून कपात होऊन साठणाऱ्या पेन्शनचे) हिशेब दोन वर्षे जुन्या जिल्ह्यातच अडकले होते.

नागलीची_भाकर

हा धागा दोन दिवस वाचतो आहे. लिहू की नको असे झाले होते. मी जव्हारच्या बाजूचा. शिक्षक नाही, पण बाहेरून आलेल्या शिक्षकांच्या हाताखाली शिकलेला आहे.

तुम्ही सगळे ज्याला घरी परतणे म्हणता, ते आमच्या बाजूने कसे दिसते हे कुणी लिहिले नाही. चौथीत असताना आमचे सर दिवाळीच्या सुट्टीनंतर आलेच नाहीत. बदली झाली असे कळले. त्यांच्या जागी दुसरे येईपर्यंत एकाच बाईंनी चार वर्ग सांभाळले. नवे सर आले, त्यांना आमची बोली कळेपर्यंत वर्ष गेले, आणि बोली कळू लागली तेव्हा त्यांचाही अर्ज मंजूर झाला. मी कुणाला दोष देत नाही. तुमच्याही घरी आईवडील आहेत. पण प्रत्येक शिक्षक आमच्या मुलांवर शिकतो आणि ते शिकलेले घेऊन आपल्या गावी जातो, हेही खरे आहे ना?

अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याबाबत राज्यपालांची अधिसूचना २०१४ मध्ये निघाली. तिच्यावरून पुढे न्यायालयात बरेच काही घडले आणि भरती रेंगाळली. ती वेळेवर झाली असती, तर आमच्या शाळा रिकाम्या पडल्या नसत्या आणि दुधनाकाठ ताईंनाही कोकणात पंधरा वर्षे काढावी लागली नसती. कारण शेवटी दोन्ही एकाच दोरीची टोके आहेत.

खडूवाला

सर्वांचे आभार. एकेक घेतो.

चौकातल्या मित्रा, वाढप्याची उपमा चपखल आहे. गावात मला अजून कुणी ‘सर’ म्हणत नाही. वडिलांच्या नावाने ‘अमक्याचा पोरगा’ म्हणतात. एका पालकाने तर मुलाला मारू नका असे सांगायला येताना ‘तुला आम्ही शाळेत असताना लई मारला होता’ अशी प्रस्तावना केली. ते खरेही होते.

निवृत्त अधिकारी साहेब, आपण दिलेले कारण मला मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. यादीत जागा कोणती द्यायची हा एक प्रश्न, आणि आधीच्या जिल्ह्यात माणूस काय शिकला याची कुठेतरी नोंद असावी की नाही, हा दुसरा. हजर झालो तेव्हा माझे सेवापुस्तक तपासले गेले, रजेचा हिशेब तपासला गेला. आधी कोणत्या भाषेच्या मुलांना शिकवले आहे, हे एकानेही विचारले नाही. पूर्व जतमधील शाळा मला मिळाली ती केवळ रिक्त होती म्हणून.

याचे एक उदाहरण देतो, कारण ते मला अजून चकित करते. कन्नड घरातील मुलांना मराठी संख्यानामे फार जड जातात. आपण ‘त्रेपन्न’ म्हणतो, त्यात आधी तीन येतात आणि मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच काढायचा. कन्नडमध्ये त्याच संख्येला ‘ऐवत्तमूरु’ म्हणतात, म्हणजे पन्नास आणि तीन. जसे बोलायचे तसेच लिहायचे. माझी मुले ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहीत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी पद्धत आली, तेव्हा राज्यभर केवढी थट्टा झाली, हे सर्वांना आठवत असेल. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना किती ठिकाणी उत्तरे द्यावी लागली! पुण्या-मुंबईत मराठीचा खून वगैरे चालू असताना, इकडे माझ्या वर्गातील मागच्या बाकावरची एक मुलगी ‘पन्नास तीन’ ऐकून क्षणभर थांबली, काड्यांच्या पाच जुड्या आणि तीन सुट्ट्या काड्या पुढे सरकवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता फळ्याशी येऊन ५३ लिहून गेली. त्यानंतर ‘त्रेपन्न’ शिकवायला मला आठवडा पुरला. मला ‘त्रेपन्न’ सोडायचा नाही. तो शब्द माझाही लाडका आहे. पण त्याच्यापर्यंत जायची वाट त्या मुलीच्या घरावरून जात होती. आणि मुलांच्या घरावरून वाट काढायची असते, हे मी मोखाड्यात शिकलो होतो, सांगलीच्या अध्यापक विद्यालयात नव्हे.

दुधनाकाठ ताई, कागदांविषयी. कार्यमुक्ती आदेशाबरोबर अंतिम वेतन प्रमाणपत्र घ्याच. सेवापुस्तकाच्या प्रत्येक पानाची छायाप्रत स्वतःजवळ ठेवा आणि नियमित वेतनश्रेणीचा आदेश, सेवेत कायम केल्याचा आदेश व जात वैधता प्रमाणपत्र यांच्या नोंदी त्यात झाल्या आहेत का, ते निघण्याआधी पाहा. मागून त्या करून घेणे महाकठीण. अंशदायी निवृत्तिवेतनाच्या वर्षनिहाय कपातीच्या चिठ्ठ्या मागून घ्या, तोंडी ‘पाठवून देऊ’ यावर निघू नका. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतून तुमचे नाव नव्या जिल्ह्याकडे वर्ग झाल्याशिवाय पगार निघत नाही. माझा तीन महिने निघाला नव्हता, तेव्हा तेवढी तजवीज करून ठेवा. आणि बदली मिळाली, तर पहिल्याच वर्षी गावची शाळा मागू नका. आधी मुलाचा ‘अहो’ घालवा.

नागलीची भाकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याजवळ चांगले उत्तर नाही. मी निघालो त्या दिवशी विक्रमगडच्या शाळेत एकच शिक्षक उरला होता. मुलांना मी ‘परत येईन’ असे सांगितले, आणि ते खोटे आहे हे मला सांगतानाच माहीत होते. वही मात्र सोबत आणली. ती तिथे ठेवायला हवी होती, असे तुमचे लिखाण वाचून प्रथमच वाटले. मूळ वही आता तिन्ही रकान्यांनी भरली आहे. तिची छायाप्रत काढून तुमच्या भागातील एखाद्या शाळेला पाठवू का? नव्या शिक्षकांना डावा रकाना उपयोगी पडेल.

नागलीची_भाकर

सर, राग नव्हता, फक्त बाजू मांडली. आमच्या पाड्यावरचे सध्याचे सर इथलेच आहेत, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. डावा रकाना त्यांना पाठ आहे. त्यांना काल तुमच्या वहीविषयी बोललो. ते म्हणाले, तरी मागवून घ्या. त्यात माशांची आणि भांड्यांची नावे असतील, तर त्यातली बरीचशी आता आमच्या मुलांना येत नाहीत.